बाईच्या पायातले गोळे

त्या दिवशी डॉक्टरांनी बाईचं पोट उघडलं, आतडं बाहेर काढून पोटाच्या कातडीला शिवलं आणि मला सांगितलं की यापुढे तिची शी इथून होईल.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. विषमज्वरात तिच्या आतड्याला भोक पडलं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता आणि आमचं खेडं रिठदपासून बैलगाडीच्या वाटेवर. ज्या शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं त्याचं नाव मी लिहीत नाही. ते लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, दोष एका इमारतीत होता.

डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला, हे मी नाकारत नाही. पण घरी पाठवताना त्यांनी जो कागद दिला त्यावर एकच सूचना होती: जागा स्वच्छ ठेवावी. अन्नातलं पाणी आणि क्षार शरीरात परत ओढून घेण्याचं काम मोठं आतडं करतं, ते काम आता होणार नाही, म्हणून हिनं काय प्यावं, किती मीठ खावं, पाय वळू लागले तर काय समजावं, यातलं एक अक्षर त्यावर नव्हतं. शेतात मोटर बसवणारा मिस्त्रीसुद्धा जाताना चार गोष्टी सांगून जातो. तीन महिन्यांनी या, बंद करून देऊ, असं ते म्हणाले होते. तीन महिन्यांनी गेलो, तर आत सगळं चिकटलं आहे, उघडण्यात धोका आहे, असंच राहू द्या, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या पेशंटच्या कागदावर सही करता करता त्यांनी ते दिलं. त्यांनी मान वर केली असती तर माझा राग थोडा कमी असता, असं मला पुष्कळ दिवस वाटत असे. आता तसंही वाटत नाही.

बाई बावीस वर्षांची असताना विधवा होऊन माहेरी आली. त्याच साली आमची आई गेली. विहिरीखाली आमची थोडी बागाईत होती. तिथे वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हंगामात टमाटे. बाईनं ती केली आणि तिच्यावर मला शिकवलं. मी वाशीमला मॅट्रिक झालो, पुढे मास्तरकीचं शिक्षण घेऊन गावातल्याच शाळेत लागलो. स्वतः तिला सही येत नव्हती. पण मी वाचत बसलो की ती भांड्यांचा आवाज होऊ देत नसे.

पोटावरच्या त्या जागेसाठी तेव्हा आमच्याकडे काही मिळत नव्हतं. मुंबईकडची रबराची पिशवी कोणीतरी आणून दिली, तिच्या कडेनं कातडी सोलून निघाली. मग बाईनं स्वतःच तोड काढली. खताच्या थैलीच्या आतलं प्लास्टिक स्वच्छ धुऊन ती त्याची पिशवी करायची, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं कमरेला बांधायची आणि आतड्याभोवतीच्या ओल्या कातडीवर डिंकाची बारीक पूड दाबायची. डिंक ओल धरतो, चिकटतो आणि कातडी वाचते. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे अकोल्याच्या डॉक्टरांनी ते पाहिलं तेव्हा त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

चौथ्या महिन्यात ती बाजाराला निघाली. मी अडवलं.

"घरी बसून काय करू? पिशवीकडे पाहत बसू?" ती म्हणाली.

बाजाराच्या गावी तिची जागा ठरलेली होती. शेजारी मिरच्या विकणारी एक म्हातारी बसे, पलीकडच्या बौद्ध वस्तीतली. तिला सगळे मिरचीवाली मावशी म्हणत. बाईच्या पिशवीचं बाजारात फक्त तिलाच माहीत होतं. पिशवी बांधायचा पट्टा ढिला झाला की मावशी आपलं लुगडं पसरून आडोसा करायची आणि गिऱ्हाइकांना ओरडून सांगायची, "थांबा रे जरा, मिरच्या कुठं पयून चालल्या?"

पायात गोळे येणं सुरू झालं ते त्या उन्हाळ्यात. पहिला गोळा मी बाजारातच पाहिला. शाळेला सुट्टी होती, मी टोपली पोचवायला गेलो होतो. बाई उकिडवी बसून वांगी तोलत होती. एकदम तागडी सुटली आणि ती वांग्यांच्या ढिगावर आडवी झाली. पोटरी दगडासारखी झाली होती, पायाचा अंगठा वर वळला होता. मावशीनं तो अंगठा धरून ओढला.

"लग्नात नाचली असन रातभर," मावशी म्हणाली.

"तुयाच लग्नात," बाई दात आवळून म्हणाली. मग तिनं सरळ होऊन सांडलेली वांगी पुन्हा तागडीत टाकली.

पुढे ते रोजचं झालं. कधी पोटऱ्या, कधी तळपाय, कधी हाताची बोटं. गावानं आपले इलाज केले. कोणी पोटरीला काळा दोरा बांधला, कोणी मोहरीचं तेल चोळलं. निंदताना ती मध्येच उभी राहायची, पाय आपटायची, पुन्हा बसायची. वाफे मागे पडू लागले. ती म्हणाली, "भाऊ, पोटाचं मी निभावून घेईन. पन पाय गेले तर मी कोन?" हा प्रश्न होता. तिला चालायचं होतं, बसायचं होतं, बाजार करायचा होता. बाकी काही तिनं कधी मागितलं नाही.

आता माझं सांगतो. शाळेच्या कपाटात घरगुती वैद्यकावरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. शब्दकोश जवळ घेऊन मी ते वाचायला बसलो. स्नायूंना गोळे येतात त्याचं एक कारण शरीरातलं मॅग्नेशियम कमी होणं, आणि ज्यांना सतत पातळ शी होते त्यांच्या अंगातून ते निघून जातं, असं त्यात होतं. मी ते तीनदा वाचलं. शहरातल्या डॉक्टरांना जे सुचलं नाही ते मला सापडलं, म्हणून मला गर्व झाला. तो गर्व मला आजही आठवतो आणि अंगाला चटका बसतो.

दुसऱ्या दिवशी शिरपूरहून येणाऱ्या बसनं मी वाशीमला गेलो. औषधाच्या दुकानात गर्दी होती. माझ्या शाळेतल्या दोन पोरांचे वडीलही तिथे उभे होते.

"मॅग्नेशियम पाहिजे," मी म्हणालो.

"कायले पाहिजे?" दुकानदारानं विचारलं. त्यानं ते योग्य विचारलं. त्याला दोष नाही.

माझ्या बहिणीच्या पोटातून आतडं बाहेर काढलं आहे, तिची शी तिथून वाहते, तिच्या पायात गोळे येतात. एवढीच तीन वाक्यं होती. मी मास्तर होतो, रोज पाच तास बोलायचो. मी मागे उभ्या असलेल्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणालो, "पायात गोळे येतात."

त्यानं पांढऱ्या खड्यांची पुडी दिली. "मॅगसल्फ. गरम पान्यात टाकून पाय शेका. प्यायचं असन तर चमचाभर."

घरी पुडी उघडली तर बाई हसली. "हे तर विलायती मीठ आहे. ढोराच्या दवाखान्यात आपल्या बैलाले पाजलं होतं, पोट साफ व्हायले."

मी म्हणालो, "ते बैलाला. माणसाला यातलं मॅग्नेशियम लागतं. पुस्तकात आहे."

तिला माहीत होतं. जिला सही येत नव्हती तिला नेमकं माहीत होतं की हे जुलाबाचं मीठ आहे, आणि जिच्या आतड्यात अन्न ठरतच नाही तिला जुलाब दिला तर काय होईल हेही तिला कळलं असणार. मला पुस्तकातला एक शब्द माहीत होता. तिनं पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चमचा घेतला.

ती चार दिवस ते घेत होती. मी शाळेत जात होतो, संध्याकाळी विचारत होतो, "कसं आहे?" ती म्हणायची, "बरं आहे." पाचव्या दिवशी दुपारी मी घरी लवकर आलो. मागच्या अंगणात दोरीवर धुतलेल्या चिंध्या आणि कापडाच्या पट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाळत होत्या. बाई ओसरीवर पडली होती. डोळे खोल गेले होते, ओठ फुटले होते, दोन्ही पोटऱ्या एकाच वेळी वळत होत्या आणि तिच्यात पाय ओढायचीही ताकद नव्हती. पिशवीतून पाण्यासारखं सगळं वाहून गेलं होतं.

"सांगितलं काहून नाही?" मी ओरडलो.

"तू वाचून आनलं होतं ना," ती म्हणाली.

अकोल्याला नेलं. तिथले डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होते. आधी सलाईन लावलं, मग मॅग्नेशियमचंच इंजेक्शन दिलं. मग मला बाजूला घेऊन त्यांनी जे सुनावलं ते मी खाली मान घालून ऐकलं.

"मॅग्नेशियम कमी आहे हे तुम्ही बरोबर ओळखलं. पण जे मीठ पोट धुऊन काढतं तेच तुम्ही पोटातून दिलं. आत गेलं त्याच्यापेक्षा जास्त बाहेर गेलं. कोणाला विचारलं होतं?"

"पुस्तक वाचलं होतं."

"पुस्तकाला तिची पिशवी दिसत होती का?"

त्यांनी पुढे पंधरा मिनिटं खर्च करून सांगितलं. शहरातल्या डॉक्टरांनी ती पंधरा मिनिटं दिली असती तर! मॅग्नेशियमचेही प्रकार असतात. काही जुलाब करतात, काही त्यातल्या त्यात पोटाला सोसतात. गोळी थोडी थोडी, जेवणाबरोबर, दिवसातून दोन-तीनदा विभागून घ्यायची. पिशवी जास्त भरू लागली तर लगेच थांबवून इकडे यायचं. दर काही दिवसांनी रक्त तपासायचं, कारण मूत्रपिंडं थकली असतील तर तीच गोळी अंगात साचते. आणि सगळ्यात आधी पाणी. नुसतं पाणी ढोसलं तर ते तसंच खाली जाईल. मीठ आणि साखर घातलेलं, घोट घोट, दिवसभर. "पाणी आणि मीठ अंगात टिकलं नाही तर ही गोळी काहीच करू शकत नाही," ते म्हणाले. मग बाईला विचारलं, "पाणी पिता ना?"

"पितो ना," बाई म्हणाली.

मी जवळ उभा होतो. मी ते खरं मानलं.

गोळ्यांनी फरक पडला. महिनाभरात ती पुन्हा वाफ्यात बसून निंदू लागली. पण एक गोष्ट मला समजेना. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गोळे परत यायचे. आठवडाभर पाय ठीक, त्या दिवशी हमखास ओरडणं. मी पुन्हा हुशार झालो. बाजाराच्या गडबडीत ही गोळी चुकवते, असं मी ठरवलं. डबीतल्या गोळ्या मोजू लागलो. गोळ्या बरोबर भरायच्या. मग मी म्हणालो, गोळी काढून फेकत असशील.

तिनं डबी माझ्या हातातून काढून घेतली. "मी फेकतो?" एवढंच म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

खरं काय ते मला मिरचीवाल्या मावशीनं सांगितलं. मी बाजारात तिला विचारायला गेलो होतो की बाई दुपारची गोळी घेते का.

"गोयी घेते. एका घोटात गियते," मावशी म्हणाली. "पानी नाही पीत."

"का?"

मावशीनं मिरच्यांवरचा हात थांबवला. "मास्तर, तुमी किती वर्सं झाले बाजारात येऊन राह्यले? अठी बसलेली एक तरी बाई पानी पिताना पाह्यली का?"

मी पाहिली नव्हती. पाहिली नाही हेही मला माहीत नव्हतं.

"सकायपासून सांजेपर्यंत बसाव लागते. पिऊन जायचं कुठं? चारी बाजूनं मानसं. आमी पहाटेच एक घोट घेतो, मंग घरी गेल्यावर. माया सासूनं मले शिकवलं, मी सुनेले शिकवलं. तुमच्या बाईले तर दोन जागची चिंता. लघवीची आन पिशवीची. पानी पेली का पिशवी भरते. भरली का रिती कराव लागते. मी लुगडं किती वेळा धरू?"

टोपली डोक्यावर घेण्याइतकीच ही रीत त्या बायकांच्या अंगवळणी पडलेली होती. तिला कोणी त्रास म्हणत नव्हतं. डॉक्टर मीठ-पाणी सांगत होते, मी गोळ्या मोजत होतो, आणि ती उन्हात दहा तास कोरड्या तोंडानं बसत होती.

मी अर्ज लिहिला. बाजाराच्या मागच्या बाजूला बायकांसाठी चार पत्र्यांचा आडोसा करून द्यावा आणि आत पाण्याचा एक रांजण ठेवावा. सुंदर अक्षरात लिहिला. बाजाराचं पाहणारी जी पंच मंडळी होती त्यांच्यासमोर वाचला. मंडळी हसली.

"मास्तर, पोराइले शिकवता का बायकाच्या मुतारीचे हिशेब ठेवता?"

"आजवर कोन्या बाईनं तक्रार केली नाही. तुमाले कोनं सांगतलं?"

एक जण मात्र हसला नाही. वयस्कर होता, तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "थांबा. मास्तर उगाच येनार नाही. गुरुजी, कोनाले एवढी नड पडली, सांगा. खरी नड असन तर पत्रे मी देतो."

मी हे वाक्य जसंच्या तसं लिहितो आहे, कारण ते मी वर्षानुवर्षं ऐकतो. खरी नड असेल तर पत्रे मी देतो. मला फक्त बोलायचं होतं. तीच तीन वाक्यं. समोर गावातली दहा-बारा माणसं होती. त्यांतली काही तिच्याकडून भाजी घेत. उद्या म्हणतील, हिच्या हातची भाजी नको. ती घरी येऊन विचारेल, माझं पोट तू गावभर केलंस? मी याला तिची अब्रू म्हटलं. ती माझी भीती होती.

"सगळ्याच बायकांची नड आहे," मी म्हणालो.

"सगळ्याइची म्हंजे कोनाचीच नाही," कोणीतरी म्हणालं. अर्ज घडी करून गादीखाली गेला. त्या वयस्कर माणसानं तंबाखू तोंडात टाकली आणि दुसरा विषय निघाला.

बाईला ते कळलंच. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "सांगून टाकायचं होतं."

"लोक भाजी घेणार नाहीत."

"मिरच्यावाल्या मावशीच्या हातच्या मिरच्या तरी सगये कुठं घेतात? तरी ते बसते ना." मग जरा थांबून, "तुले लाज वाटली. मले नव्हती वाटत."

मी तिला बाजार सोड म्हणालो. तिनं ऐकलं नाही. दोन घोट पीत जाईन, म्हणाली, आणि प्यायचीही असेल. दोन घोट म्हणजे दोनच. पुढचे दोन उन्हाळे निघाले. मी तिला अकोल्याला तपासायला नेत राहिलो. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहून गोळी बंद केली. पाण्यावाचून मूत्रपिंडं थकली होती. ते मला पुन्हा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वैशाखात, बाजाराच्या दिवशी दुपारी, मावशी तिला कोणाच्या तरी बैलगाडीत घालून घेऊन आली. हात-पाय वळलेले होते. अकोल्याला नेईपर्यंत वळणं थांबलं होतं. मी समजलो की बरं वाटतं आहे. वाटेत एकदा तिनं पाणी मागितलं. मी पाजलं. सगळं प्याली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तेराव्याला लोक आले. पंचांतला तो वयस्कर माणूसही आला. तोवर सगळ्यांना सगळं कळलं होतं. अंगणात माझ्यासमोर बसून तो म्हणाला, "मास्तर, हे तवा काहून नाही सांगतलं?" माझ्या तोंडून बाहेर पडलं ते एवढंच की तुम्ही जेवून जा.

मला डॉक्टरांचा राग येतो, हसणाऱ्या पंचांचा येतो, पिढ्यान् पिढ्या कोरड्या घशानं बसवणाऱ्या त्या रीतीचा येतो. पण ते सगळे आपापल्या जागी नेहमीसारखेच वागले. तीन वाक्यं मला येत होती आणि लोकांनी दोनदा विचारूनही मी ती बोललो नाही. ती आता इथे लिहिली आहेत. लिहिलेल्याचा तिला उपयोग नाही.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बागाईत खंडानं दिली आहे. बाजार अजून भरतो. ओट्यांवर पत्रे आले आहेत. मागच्या बाजूला बायकांसाठी एक खोली बांधली आहे. तिला कुलूप असतं. विकायला बसलेल्या बायका पहाटे एक घोट घेऊन येतात आणि संध्याकाळी घरी जाऊन पाणी पितात.